सिस्टमरेस्क्यू: सुरू होताना अडकणाऱ्या लिनक्स लॅपटॉपसाठी हा पेनड्राइव्ह किती कामाचा?

लॅपटॉप चालू केला, कंपनीचा लोगो आला, खालचं चक्र फिरू लागलं आणि ते फिरतच राहिलं. लिनक्सवर असं झालं की सल्ला मिळतो रेस्क्यू पेनड्राइव्ह लावण्याचा, आणि त्यात हमखास नाव निघतं ते सिस्टमरेस्क्यूचं. पूर्वी हे सिस्टमरेस्क्यूसीडी म्हणून ओळखलं जायचं. २०१९ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून त्याचा पाया जेंटूऐवजी आर्च (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) झाला. फुकट आहे, आयएसओ (उतरवायची एकच मोठी फाईल) साधारण १ जीबीच्या घरात जातो आणि डिस्कवर काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालतो. फाईल परत मिळवणं, पार्टिशन लहानमोठं करणं, डिस्कची नक्कल काढणं यातही तो तरबेज आहे. हे परीक्षण मात्र एकाच कामापुरतं आहे: बूट होताना मध्येच अडकलेला लॅपटॉप.

निकाल आधीच सांगून टाकू. बरेचदा हा पेनड्राइव्ह लागतच नाही. लागतो तेव्हा त्याच्या मेनूतला एकच पर्याय, फाइंडरूट, आतल्या शेकडो साधनांपेक्षा जास्त सांगून जातो. आणि तो वापरण्याआधी सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) बंद करावं लागतं, ही त्याची सर्वात त्रासदायक अट आहे.

(खाली कमांड आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपी.)

पेनड्राइव्ह शोधण्याआधी

अडकलेल्या लॅपटॉपवर सर्वात आधी कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागतो-विझतो, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) जिवंत आहे आणि कोणती तरी सेवा कशाची तरी वाट पाहत बसली आहे. दिवा ढिम्म राहिला तर कर्नलच गोठलाय. संशय ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा एसीपीआयवर (वीज आणि हार्डवेअर सांभाळणारी फर्मवेअरची व्यवस्था) घ्यायचा. हात न लावता दिवा लुकलुकत असेल तर कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलनेच हात टेकले. हा दिवा सगळ्या लॅपटॉपना नसतो, पण असेल तर पाच सेकंदांत निम्मं काम होतं.

मग एस्केप दाबा. लोगोचा पडदा बाजूला होतो आणि मागचा मजकूर दिसतो. तिथे "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" अशी ओळ आणि पुढे १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत चढत जाणारा आकडा दिसला, तर हात आवरा. सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) एखाद्या उपकरणाची डिफॉल्ट ९० सेकंद वाट पाहतो. चाळिसाव्या सेकंदाला पॉवर बटण दाबून धरणारे लोक रोज तोच लॅपटॉप "हँग होतो" म्हणत राहतात. दोन मिनिटं थांबले असते तर लॉगिन किंवा निदान इमर्जन्सी मोड (दुरुस्तीपुरती उघडणारी कमांड लाइन) तरी दिसला असता. आकड्यापुढे "नो लिमिट" लिहिलं असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही.

या ९० सेकंदांचं कारण बहुतेक वेळा एफस्टॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) असतं. काढून टाकलेल्या दुसऱ्या डिस्कची ओळ राहिलेली असते, किंवा दुसरं लिनक्स टाकताना इन्स्टॉलरने स्वॅप पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केलेलं असतं. फॉरमॅट झालं की यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) बदलतो, पहिल्या लिनक्सच्या एफस्टॅबमध्ये जुनाच राहतो आणि ते अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनची वाट पाहत बसतं. ब्लकआयडी चालवायचं, एफस्टॅबमधला एकेक यूयूआयडी ताडून पाहायचा. जी डिस्क कधी असते कधी नसते तिच्या ओळीत नोफेल आणि एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५एस हे दोन पर्याय टाकायचे. बदल केल्यावर फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवलं की टायपिंगची चूक रीबूट करायच्या आधीच पकडली जाते. ही कमांड फार कमी लोक वापरतात, का ते कळत नाही.

डेबियन आणि उबंटूत याच रोगाचं दुसरं ठाणं आहे. हायबरनेटसाठीचा स्वॅपचा यूयूआयडी इनिटरामएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरमधल्या रिझ्यूम नावाच्या फाईलमध्येही लिहिलेला असतो आणि तो इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाईलसिस्टम) भरला जातो. एफस्टॅब दुरुस्त करूनही सुरुवातीलाच अर्धा मिनिट थांबा लागत असेल तर हीच फाईल. हायबरनेट वापरत नसाल तर तिथे रिझ्यूम=नन लिहा आणि अपडेट-इनिटरामएफएस -यू चालवा. नुसती फाईल बदलून उपयोग नाही, इनिटरामएफएस नव्याने बांधावाच लागतो.

पडद्यावर मजकूरच येत नसेल तर ग्रबकडे, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या बूट मेनूकडे वळा. मेनू लपलेला असला तर यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेतलेलं फर्मवेअर) लॅपटॉपवर लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबा. (दोनदा दाबलं की ग्रबची कमांड लाइन उघडते, तिथे "नॉर्मल" लिहून एंटर केलं की परत येता येतं.) हव्या त्या ओळीवर ई दाबा, "लिनक्स" ने सुरू होणारी ओळ शोधा, शेवटचे क्वाएट आणि स्प्लॅश पुसा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडायची भीती नाही. आता ओळी धावताना दिसतील आणि शेवटची ओळ कुठे थांबली ते कळेल. तेवढ्यानेही काही दिसलं नाही, "लोडिंग इनिशियल रॅमडिस्क" वरच सगळं थिजलं, तर त्याच ओळीत नोमोडसेट टाकून पुन्हा प्रयत्न करा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाही. लॅपटॉप सुरू झाला तर दोषी सापडला. मात्र नोमोडसेट कायमचं ठेवून देणं हा इलाज नाही: रिझोल्यूशन पडतं, बाहेरचा मॉनिटर चालत नाही, ब्राइटनेसची बटणं बंद पडू शकतात.

पुढचा प्रयोग ग्रबच्या "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मधला जुना कर्नल. जुना चालतो आणि नवा अडकतो, तर रेस्क्यू पेनड्राइव्ह खिशातच राहू द्या. चालणाऱ्या कर्नलमध्ये शिरून जर्नलसीटीएल -बी -१ पाहा. म्हणजे आधीच्या, फसलेल्या बूटची नोंद. ती नोंद सापडलीच नाही तर तोही पुरावा आहे: रूट पार्टिशन (जिथे लिनक्स बसवलेलं असतं) लिहिण्याजोगं माउंट व्हायच्या, म्हणजे जोडलं जायच्या आधीच गाडी अडली.

आणि एक चीज, जी पेनड्राइव्हपेक्षा सरस आहे. ग्रबच्या त्याच ओळीत सिस्टमडी.डीबग-शेल=१ लिहा. बूट अडकल्यावर कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबलं की पासवर्ड न मागता रूट शेल (सर्वाधिकार असलेली कमांड लाइन) मिळतं. तिथे सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स टाइप करा. दहा-वीस ओळी येतात. बहुतेकांपुढे "वेटिंग" आणि एखाद-दुसरीपुढे "रनिंग". ही "रनिंग" वाली ओळ सगळ्यांना अडवून बसलेली असते, बाकीच्या तिच्या मागे रांगेत उभ्या असतात. अशा वेळी सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम चालवू नका. बूट पूर्ण झालेलं नाही एवढंच ते सांगेल. त्या कमांडचा उपयोग अडकणाऱ्या नव्हे, रेंगाळणाऱ्या लॅपटॉपला, आणि तिथेही क्रिटिकल-चेन जास्त खरं बोलतं. हा पर्याय ग्रबमध्ये कायमचा लिहून ठेवला असेल तर काम झाल्यावर काढायला विसरू नका. पासवर्डविना रूट उघडं ठेवणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

लॅपटॉप बंद करायचाच तर पॉवर बटणाआधी ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून एस, यू, बी ही अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतराने दाबा. या युक्तीच्या प्रसिद्ध सहा अक्षरांपैकी (आर, ई, आय, एस, यू, बी) उबंटूत डिफॉल्ट हीच तीन चालतात, कारण तिथे ही सेटिंग १७६ असते: सिंकचे १६, फक्त-वाचन माउंटचे ३२ आणि रीबूटचे १२८. डेटा डिस्कवर उतरतो आणि फाईलसिस्टमला धक्का लागत नाही.

मग सिस्टमरेस्क्यू कधी?

चार प्रसंगांत. पहिला, ग्रबमधले सगळेच कर्नल अडकतात. दुसरा, "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)" असा पॅनिक येतो आणि जुना कर्नल शिल्लक नाही. तिसरा, इमर्जन्सी मोड येतो पण "रूट अकाउंट इज लॉक्ड" म्हणून आत घेत नाही, एंटर दाबलं की तेच चक्र पुन्हा; फेडोरासारख्या, रूटला पासवर्डच न देणाऱ्या लिनक्सवर हे नेहमीचं. चौथा, डिस्कच मरायला टेकली असल्याचा संशय.

पेनड्राइव्ह २ जीबीचाही पुरतो. आयएसओचा शा२५६ (फाईल अखंड उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा, मग डीडी या कमांडने किंवा तशाच कुठल्या साधनाने लिहा. फाईल नुसत्या कॉपी करून पेनड्राइव्ह बनवणार असाल तर त्याचं व्हॉल्यूम लेबल आवृत्तीप्रमाणे "रेस्क्यू" आणि आकडे असंच ठेवावं लागतं. लेबल चुकलं की हा पेनड्राइव्ह स्वतःच उपकरणाची वाट पाहत अडकतो आणि मग अडकलेल्या दोन गोष्टी दुरुस्त करायच्या राहतात. डीडीने लिहिलेल्या पेनड्राइव्हवर नंतर काही साठवता येत नाही, म्हणून लॉग घेण्यासाठी दुसरा पेनड्राइव्ह जवळ ठेवा.

आता सिक्युअर बूट. सिस्टमरेस्क्यूवर त्यासाठी लागणारी सही नाही, त्यामुळे फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं भाग आहे. शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) असेल तर आधी रिकव्हरी की हाताशी आणा, कारण सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती ४८ अंकी की मागू शकतं. आणि बंद केल्यावर लगेच पेनड्राइव्ह लावू नका. एकदा नेहमीसारखं लिनक्स सुरू करून पाहा. डीकेएमएसने (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारी व्यवस्था) बांधलेलं एनव्हिडियाचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, सही नसल्यामुळे नाकारलं जात असेल ("की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" अशी ओळ असते), तर सिक्युअर बूट बंद होताच लॅपटॉप सुरळीत सुरू होतो. दुखणं तेच होतं, आता एमओके की (सही करायची तुमची स्वतःची किल्ली) नोंदवून मॉड्यूलवर सही करायची आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं. हा प्रयोग गाळलात तर पुढच्या सगळ्या निष्कर्षांत दोन गोष्टी एकदम बदललेल्या राहतात आणि श्रेय चुकीच्या गोष्टीला जातं.

फाइंडरूट

पेनड्राइव्हचा मेनू साधा आहे. पहिला पर्याय नेहमीचा. दुसरा कॉपीटूरॅम, सगळं मेमरीत उचलून घेतो आणि मग पेनड्राइव्ह काढता येतो. यूएसबीचं एकच पोर्ट असलेल्या लॅपटॉपवर हाच घ्या, ४ जीबी रॅम असली तर निर्धास्त. पेनड्राइव्हची तपासणी करणारा एक, नोमोडसेटवाला एक, आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट. मेमटेस्ट८६+ ६.०० या २०२२ च्या आवृत्तीपासून यूईएफआयवर चालू लागलं, त्यामुळे आताच्या लॅपटॉपवरही ते उपयोगी आहे. बूट दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडकत असेल तर सगळ्यात आधी मेमटेस्टची निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. ड्रायव्हरचा दोष सहसा एकाच जागी अडवतो. जागा बदलत राहिली की रॅम, तापमान किंवा डिस्क.

यातला हिरा म्हणजे फाइंडरूट. हा पर्याय निवडला की कर्नल आणि इनिटरामएफएस पेनड्राइव्हवरचे लागतात, आणि ते डिस्कवरचं रूट पार्टिशन शोधून तिथलंच लिनक्स सुरू करतात. कागदोपत्री हा ग्रब बिघडलेल्यांसाठीचा आडमार्ग आहे. प्रत्यक्षात तो निदानाचं उत्तम हत्यार आहे, कारण एका झटक्यात बूटचे दोन तुकडे पाडतो. ग्रब, कर्नल, इनिटरामएफएस एका बाजूला. एफस्टॅब, सिस्टमडीच्या सेवा, लॉगिन स्क्रीन दुसऱ्या बाजूला.

फाइंडरूटने लॅपटॉप सुरू झाला, तर डिस्कवरचं लिनक्स धडधाकट आहे. बिघाड डिस्कवरच्या कर्नलमध्ये, त्याच्या इनिटरामएफएसमध्ये किंवा त्या कर्नलसाठी बांधलेल्या मॉड्यूलमध्ये. फाइंडरूटनेही त्याच जागी अडकला, तर कर्नलला निर्दोष सोडा आणि एफस्टॅब, भरलेली डिस्क, अर्धवट राहिलेलं अपग्रेड यांच्या मागे लागा. तासभर अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही तीन मिनिटं भारी पडतात.

एक काळजी घ्या. मेनूत फाइंडरूटवर थांबून ओळ संपादित करा (यूईएफआयमध्ये ई, जुन्या बायोसमध्ये टॅब) आणि शेवटी सिस्टमडी.युनिट=मल्टी-यूजर.टार्गेट जोडा, म्हणजे काळ्या पडद्यावरचं साधं लॉगिन येईल. एनव्हिडियाचं मालकीचं मॉड्यूल पेनड्राइव्हच्या कर्नलसाठी बांधलेलं नसतं. डेस्कटॉप सुरू करायला गेलात तर तो त्या कारणाने पडेल आणि निष्कर्ष उलटा निघेल. साधं लॉगिन आलं म्हणजे परीक्षा पास.

डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून दुरुस्ती

बिघाड इनिटरामएफएसचा असेल तर तो नव्याने बांधायचा आणि त्यासाठी आर्च-सीएचरूट हे साधन सिस्टमरेस्क्यूत तयार आहे. सीएचरूट म्हणजे पेनड्राइव्हवरून डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून तिथल्याच कमांड चालवणं. साध्या सीएचरूटपुढे डेव्ह, प्रॉक, सिस वगैरे हाताने माउंट करावे लागतात, ते हे स्वतः करतं. आधी एलएसबीएलके -एफ चालवून पार्टिशन ओळखा. रूट पार्टिशन /एमएनटी वर माउंट करा, त्यातल्या बूटच्या जागी बूट पार्टिशन, मग ईएफआय पार्टिशन, आणि शेवटी आर्च-सीएचरूट /एमएनटी.

सर्वात जास्त लोक इथे फसतात: बूटचं वेगळं पार्टिशन माउंट करायला विसरतात. कमांड यशस्वी होते, चूक काही दाखवत नाही, आणि नवा इनिटरामएफएस रूट पार्टिशनवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये जाऊन पडतो. ग्रब मात्र जुनाच वाचत राहतो. सीएचरूटमध्ये शिरल्यावर बूट फोल्डरमध्ये कर्नलच्या फाईल दिसतायत का ते पाहा. नसतील तर बाहेर या.

तिथेच डीएफ -एच चालवा. वेगळं बूट पार्टिशन १०० टक्के भरलेलं असेल तर "अननोन-ब्लॉक(०,०)" चं कोडं सुटलं: अपडेटच्या वेळी नवा कर्नल लिहिला गेला, इनिटरामएफएसला जागाच उरली नाही, आणि ड्रायव्हर नसल्यामुळे कर्नलला रूट डिस्क दिसत नाही. जुने कर्नल पॅकेज मॅनेजरनेच काढा. आरएमने फाईल उडवल्या तर पॅकेजच्या नोंदी तशाच राहतात आणि पुढचं अपडेट पुन्हा तिथेच रुतून बसतं.

मग डेबियन-उबंटूत अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल. ही कमांड "सापडत नाही" असं उत्तर आलं तर घाबरू नका. बाहेरच्या आर्चचा पाथ आत तसाच आलेला असतो आणि त्यात डेबियनचे एसबिन फोल्डर नसतात. ते पाथमध्ये जोडले की झालं. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओ -पी, त्यातला पी मोठा. फेडोरात ड्रॅकट -एफ --रिजनरेट-ऑल. नुसतं ड्रॅकट -एफ दिलं तर ते चालू कर्नलसाठी, म्हणजे पेनड्राइव्हच्या कर्नलसाठी बांधायला जातं आणि त्याची मॉड्यूल आत नसल्यामुळे अपयशी ठरतं. फेडोरात आणखी एक खाच आहे. बाहेरून बदललेल्या फाईलींची एसईलिनक्सची (कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी सुरक्षाव्यवस्था) लेबलं बिघडतात, आणि दुरुस्त झालेला लॅपटॉप लॉगिनला नकार देतो. निघण्याआधी रूटवर .ऑटोरीलेबल नावाची रिकामी फाईल बनवून ठेवा. पुढचं बूट लांबेल, पण लेबलं नीट होतील.

रूट बीटीआरएफएसवर (लिनक्सची एक फाईलसिस्टम) असेल तर नुसतं माउंट करून फोल्डर विचित्र दिसतील. फेडोरात सबव्हॉल्यूमचं नाव रूट असतं, उबंटू-मिंटच्या घराण्यात @. माउंट करताना -ओ सबव्हॉल= देऊन ते सांगावं लागतं. ल्युक्सने (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) कुलूपबंद असेल तर क्रिप्टसेटअप ओपनने उघडा, मागोमाग एलव्हीएम (डिस्कची लवचीक विभागणी) असेल तर व्हीजीचेंज -एवाय. उघडताना द्यायचं नाव मनाने ठेवू नका. क्रिप्टटॅबमध्ये (कुलूपबंद पार्टिशनांची यादी) आहे तेच नेमकं द्या. डेबियन-उबंटूत नाव वेगळं पडलं तर इनिटरामएफएस बांधणारी स्क्रिप्ट रूटचं कुलूप ओळखत नाही, क्रिप्टसेटअप आत घालत नाही, आणि पुढच्या बूटला पासवर्ड विचारणाराच कोणी नसतो. आधी अडकणारा लॅपटॉप मग खरोखरच बंद पडतो.

डिस्कचा संशय असेल तर क्रम पाळा

एफएससीकेकडे (फाईलसिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) धावण्याची घाई नडते. मरणाऱ्या डिस्कवर ते चालवलं तर ते त्याच डिस्कवर लिहायला लागतं. आधी डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल -ए. साटा डिस्कवर ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळी पाहा. शेवटच्या रकान्यात शून्याहून जास्त आणि वाढता आकडा म्हणजे सेक्टर जातायत. १९९ वाढत असेल तर डिस्कपेक्षा केबल किंवा कनेक्टरवर संशय घ्या. एनव्हीएमईवर "क्रिटिकल वॉर्निंग", "अव्हेलेबल स्पेअर" आणि "मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स" या तीन ओळी पुरेशा आहेत. पहिली आणि तिसरी शून्य हवी. आकडे वाईट असतील तर डीडीरेस्क्यूने दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर नक्कल घ्या. मॅप फाईल न चुकता द्या, म्हणजे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू करता येतं. पहिली फेरी -एन लावून, म्हणजे सोपं ते आधी निघतं. एफएससीके नंतर, त्या नकलेवर.

आकडे चांगले, पण डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) "कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट" दिसतंय? मग डिस्क बिघडली म्हणून फेकू नका. वीज वाचवण्याच्या खोल झोपेतून ती उठत नसण्याचीच शक्यता जास्त. एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० हा लांबलचक पर्याय कर्नलच्या ओळीत देऊन पाहा; फरक पडला तर डिस्कचं आणि लॅपटॉपचं फर्मवेअर अपडेट करा.

ईएक्सटी४ साठी ई२एफएससीके -एफ -एन आधी. एन असेपर्यंत काहीही लिहिलं जात नाही. एक्सएफएससाठी एक्सएफएस_रिपेअर -एन. बीटीआरएफएसवर चेकसोबत --रिपेअर हा पर्याय शेवटचा उपाय म्हणूनही दहादा विचार करून, आणि नक्कल घेतल्याशिवाय कधीच नाही.

इतरांशी तुलना

बूट-रिपेअर हे साधन खूप सुचवलं जातं. एका बटणात ग्रब नव्याने बसवतं, ग्रबच गायब असेल तर सोयीचं आहे. पण ग्रबचा मेनू दिसतोय आणि लॅपटॉप त्यानंतर अडकतोय, तर ग्रब नव्याने बसवणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. उलट दोन लिनक्स असलेल्या डिस्कवर मेनूचा घोळ वाढतो.

तुमच्याच लिनक्सचा इन्स्टॉल करायचा लाइव्ह पेनड्राइव्ह हा मात्र तोडीचा स्पर्धक आहे. उबंटू किंवा फेडोराचा लाइव्ह पेनड्राइव्ह सिक्युअर बूट चालू ठेवून सुरू होतो, वायफाय पडद्यावरून जोडता येतं, एसबिनच्या पाथची भानगड उद्भवत नाही. फाइंडरूट नाही, डीडीरेस्क्यू वगैरे वेगळं टाकावं लागतं, सीएचरूटची तयारी हाताने. बिटलॉकरची की सापडत नसेल, तर निमूटपणे हाच वापरा.

सिस्टमरेस्क्यूचं दिसणं रुक्ष आहे. थेट रूटचं शेल समोर येतं, पासवर्ड नाही. स्टार्टएक्स लिहिलं की एक्सएफसीईचा डेस्कटॉप, जीपार्टेड आणि फायरफॉक्स मिळतात. वायफायसाठी एनएमटीयूआय. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत यायचं असेल तर सुरू होतानाच नोफायरवॉल द्यावं लागतं, नाहीतर बाहेरून येणारी जोडणी अडवली जाते आणि चूक नेटवर्कची वाटत राहते. झेडएफएस ही फाईलसिस्टम डिफॉल्ट मिळत नाही, त्यामुळे रूट त्यावर असेल तर उपयोग नाही. एआरएम लॅपटॉपवरही नाही. आपोआप दुरुस्त करणारं बटण कुठेच नाही, आणि हा दोष मानायचं कारण नाही.

ड्रॉवरमध्ये पडलेला जुना पेनड्राइव्ह मात्र चालवून घेऊ नका. ई२एफएसप्रॉग्सच्या (ईएक्सटी४ बनवणारी-तपासणारी साधनं) १.४७.० या २०२३ च्या आवृत्तीपासून नव्या ईएक्सटी४ मध्ये ऑर्फन_फाइल हे वैशिष्ट्य डिफॉल्ट आलं. त्याआधीचं ई२एफएससीके अशा डिस्कवर "फीचर_सी१२" ओळखत नसल्याचं सांगून तपासायलाच नकार देतं. ओळ दिसते भयंकर, पण डिस्क ठणठणीत असते; म्हातारा झालेला असतो तो पेनड्राइव्ह. नवा आयएसओ उतरवून लिहायला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती लॅपटॉप नीट चालू असतानाच काढावी लागतात.